गूगल पेटंट्स : पेटंटे सापडतात, जुने सॉफ्टवेअर सापडत नाही

सॉफ्टवेअर पेटंटांवर हिरिरीने मत मांडणाऱ्या बहुतेकांनी एकही पेटंट मुळातून वाचलेले नसते, आणि २००६ साली सुरू झालेल्या गूगल पेटंट्स या विनामूल्य सेवेमुळे आता त्याला सबबही उरलेली नाही. पेटंटाचा क्रमांक टाकला की वर्णन आणि दावे, म्हणजे हक्काची नेमकी हद्द सांगणारी वाक्ये, शेजारीशेजारी उघडतात. कायद्याचे सारे वजन दाव्यांवर असते, त्यामुळे नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

उदाहरणादाखल ॲमेझॉनचे ५९६०४११ क्रमांकाचे ‘वन-क्लिक’, म्हणजे एकाच क्लिकमध्ये होणाऱ्या खरेदीचे अमेरिकी पेटंट पाहावे. सप्टेंबर १९९९मध्ये ते मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यात बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर खटला भरण्यात आला. एवढ्या साध्या कल्पनेभोवती शब्दांचे किती मोठे कुंपण घालता येते, हे त्याच्या पहिल्या दाव्यातच कळते. त्या पेटंटात उल्लेखलेली आधीची कागदपत्रे आणि त्याचा उल्लेख करणारी नंतरची पेटंटे एकाच पानावर मिळतात, ही मला या सेवेतील सर्वांत मोलाची सोय वाटते. पेटंटाची कायदेशीर स्थितीही तिथे दिलेली असते, परंतु ती केवळ गृहीतक असल्याचे गूगलच नमूद करते. व्यवहाराचा निर्णय तिच्या भरवशावर घेऊ नये.

खरी उणीव जाणवते ती प्रायर आर्ट, म्हणजे अर्जापूर्वीच जगाला ठाऊक असलेले तंत्र, शोधताना. पर्सनल ऑडिओ कंपनीने पॉडकास्टवर हक्क सांगणारे पेटंट पुढे केले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने लोकवर्गणी काढून त्याला आव्हान दिले आणि २०१५मध्ये त्यातील आव्हान दिलेले दावे रद्द झाले. ते पाडणारे पुरावे सीएनएन आणि कॅनडाच्या सीबीसी रेडिओने इंटरनेटवर केलेल्या आरंभीच्या प्रयोगांविषयीच्या लेखनात होते. अशा लेखनासाठी गूगल स्कॉलरमधील साहित्य शोधात सामील करण्याचा पर्याय इथे आहे. मात्र जुने प्रोग्राम, त्यांचा सोर्स कोड आणि हस्तपुस्तिका यांचा शोध दुसरीकडेच घ्यावा लागतो.

या उणिवेचा दोष एकट्या गूगलच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या २०११च्या सुधारणा कायद्याने आणलेल्या ‘इंटर पार्टीज रिव्ह्यू’ या, मंजूर पेटंटाला पेटंट कार्यालयातच आव्हान देण्याच्या प्रक्रियेतही आव्हानाचा आधार पेटंटे किंवा छापील प्रकाशने यांपुरताच मर्यादित आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चालत असलेला जुना प्रोग्राम हा एरवीचा सर्वांत बोलका पुरावा असूनही तेवढ्यावर तिथे आव्हान उभे राहत नाही. सुधारणेची पुढची मागणी नेमकी या जागी व्हायला हवी, असे माझे मत आहे.

पुणे-मुंबईच्या वाचकाने आणखी एक भान ठेवावे. इथे सापडलेले अमेरिकी पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही, आणि आपल्या कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते.