जाळी ठेवावी की फिल्टर बसवावा?

मित्राने सेसना १७२ हे जुनं छोटं विमान घेतलंय, लायकमिंग कंपनीच्या ओ-३२० इंजिनाचं. इंजिनाचं तेल गाळणारी मूळची जाळी ठेवू की अडॅप्टर (जोड-भाग) लावून स्पिन-ऑन, म्हणजे फिरवून बसवायचा, फिल्टर बसवू, हा त्याचा प्रश्न.

सुरुवातीच्या खर्चात जाळी स्वस्त: धुवायची, नवं गॅस्केट घालून परत बसवायची. फिल्टर दर वेळी नवा, शिवाय अडॅप्टर आणि त्याची मंजुरी. पण जाळीवर लायकमिंग इंजिन चालल्याच्या दर २५ तासांनी तेल बदलायला सांगते, तर अशा फुल-फ्लो (सगळं तेल गाळणाऱ्या) फिल्टरवर ५० तासांनी. तास कमी भरले तरी चार महिन्यांत तेल बदलायचं, ही मर्यादा दोन्हींना आहेच.

मला मोठा फरक दिसतो तो तपासणीत. जाळीतून बारीक कण निसटतात. फिल्टर मात्र कटरने उघडायचा, कागदाच्या घड्या कापून काढायच्या, तेल पिळून उन्हात धरायच्या. चमचमणारे कण चुंबकाला चिकटले तर ते लोखंड-पोलादाचे. मेकॅनिकला लगेच दाखवा. इंजिनाची झीज इतकी लवकर दाखवणारं दुसरं स्वस्त साधन मला माहीत नाही.

वर्षाला चाळीस-पन्नास तासच उडणार असाल, किंवा इंजिनामागे फिल्टरला जागाच नसेल, तर जाळी चालेल. दर महिन्याला पंधरा-वीस तास उडणाऱ्याने, आणि विमान भाड्याने देणाऱ्याने तर नक्कीच, फिल्टर बसवावा.