राजारामपुरीतलं पाळणाघर: ताई चांगल्या, पण बंद दिवसांची फी पटत नाही

पोरगी दुसरीत आहे, शाळा सुटली की रिक्षावाले काका तिला इथंच सोडतात आणि आम्ही दोघं ऑफिसातनं येईपर्यंत ती इथंच. ताई लई मायेच्या, डबा गरम करून देतात, होमवर्क घेतात, मोबाईल हातात देत नाहीत. तक्रार एकच, न आलेल्या दिवसांचे पैसे. पोरगी तापानं घरी राहिली तरी फुल फी घेतात, ते एकवेळ ठीक आहे, कारण जागेचं भाडं आणि ताईंचा पगार काय थांबत नाही, तिची जागा पण धरून ठेवलेली असते. पण पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली आणि सेंटरनंच कुलूप लावलं, तर त्याचे पैसे पण आम्हीच का भरायचे? विचारलं तर व्हॉट्सॲपवर "नियम आहे मॅडम" एवढाच रिप्लाय. निदान शनिवारी बदली दिवस तरी द्या की. नवीन ॲडमिशनवाल्यांनी फॉर्मची मागची बाजू नीट वाचा, आजारपण, गावची जत्रा, सेंटर बंद, प्रत्येकाचं वेगवेगळं विचारून लिहूनच घ्या. पोरगी तिथं खूश असते म्हणून तीन स्टार.