हॅरिस ट्वीडची फ्लॅट कॅप, आठ महिन्यांनंतर: कापड अव्वल, टिचबटणाने मात्र डोकं उठवलं

१७ मार्चला सकाळी साडेसातच्या सुमारास, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात हॉलबेक भागातून स्टेशनकडे चालत येताना माझ्या फ्लॅट कॅपचं, म्हणजे ट्वीडच्या जाड लोकरी कापडाच्या, पुढे छोटी चोच असलेल्या चपट्या टोपीचं, टिचबटण निघालं. बटण शाबूत होतं. त्याचा वरचा अर्धा भाग टोपीच्या कापडातून उपटला आणि चोचीवरच्या खालच्या अर्ध्याला चिकटून राहिला. टोपीच्या समोरच्या बाजूला, बरोबर मध्यभागी, मसुराच्या डाळीएवढं भोक. ६२ पौंडांची टोपी, रुपयांत साडेसहा हजारांच्या वर, आणि वापर पाच महिने सतरा दिवस. त्या दिवसापासून हा अनुभव लिहायचं मनात होतं. मध्ये पुण्याला जाऊन आलो, टोपी दुरुस्त झाली आणि दोन-तीन मतंही बदलली, म्हणून आता लिहितो.

आधी टोपी कशी निवडली ते सांगतो, कारण तिथे मी दोनदा चुकलो.

माझा चेहरा लांबट आणि अरुंद आहे, चष्मा आहे, मान बारीक आहे. पहिली टोपी मागवली ती आठ कळ्यांची, वर कापडी बटण असलेली, फुगीर घेराची. फोटोत फार देखणी होती. घातली तर घेर दोन्हीकडून कानांच्या बाहेर गेला आणि खाली चेहरा दिसेनासा झाला. चौदा दिवसांच्या आत परत केली, परतीचं टपाल माझ्या खिशातून. दुसऱ्या वेळी उलट टोकाला गेलो. बदकाच्या चोचीसारखी निमुळती, डोक्याला घट्ट बसणारी टोपी दुकानात घालून बघितली, तर चेहरा आणखीच लांब दिसायला लागला. विक्रेत्या बाईंनी मला आरशासमोरून बाजूला घेतलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. चोचीची रुंदी चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा किंचित कमी हवी, आणि समोरून बघताना टोपीचा घेर गालाच्या हाडांच्या जेमतेम बाहेर यावा, कानांच्या बाहेर जाऊ नये. लांब चेहऱ्याच्या माणसाला थोडा भरदार घेर चालतो, पण टोपी कपाळावर खाली ओढून घालायची, भुवयांच्या वर दोन बोटं. कपाळ मोकळं सोडलं की चेहरा लांब दिसतो. गोल चेहऱ्याला मात्र सडपातळ, कोनदार टोपी शोभते. हे ऐकून मी मधल्या घेराची, हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारख्या विणीची, करड्या रंगात किंचित निळी झाक असलेली टोपी घेतली. तारीख २८ सप्टेंबर. तेव्हापासून दिसण्याबद्दल एकही तक्रार नाही. बायकोने पहिल्याच दिवशी मान्य केलं, आणि कपड्यांच्या बाबतीत ती सहजासहजी मान्य करत नाही.

मापाचं बोलायचं तर टेप कानाच्या वर एक बोट आणि कपाळाच्या मध्यावरून फिरवायची. माझं ५८ सेंटीमीटर भरलं. ब्रिटिश मापात ते ७ १/८, अमेरिकन मापात ७ १/४. टोपीवरचं माप ब्रिटिश आहे की अमेरिकन हे न बघता नुसता आकडा जुळवला तर एक सेंटीमीटर हमखास चुकतं, आणि टोपीत एक सेंटीमीटर फार असतं. पण टेप डोक्याचा आकार सांगत नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. सुरुवातीचे दोन आठवडे कपाळावर लाल वळ उठायचा आणि कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी फट राहायची. मला वाटलं टोपी लहान पडली. एप्रिलमध्ये पुण्याला गेलो तेव्हा बाबांच्या डोक्यावर ठेवून बघितली. त्यांचंही माप ५८च. त्यांना कपाळावर अगदी सैल आणि कानांवर घट्ट. म्हणजे माझं डोकं पुढून मागे लांब, त्यांचं गोल, टेपेवर दोघेही सारखेच. बाबांची काळी टोपी होडीच्या आकाराची, ती दोघांनाही चालते. फ्लॅट कॅपला आतून घामपट्टी शिवलेली असते, ती थोडी ओली करून तीन-चार दिवस डोक्यावर वागवली की हळूहळू आपल्या डोक्याचा आकार घेते. लोकरीच्या टोपीला हे जमतं, पॉलिस्टरच्या टोपीला नाही.

म्हणून कापडावर खर्च करा असं मी आजही म्हणेन. हॅरिस ट्वीड या नावाला १९९३च्या कायद्याचं संरक्षण आहे. शुद्ध नवी लोकर, रंगवणं आणि सूतकताई स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकाम तिथल्याच विणकरांच्या घरी हातमागावर. आत शिवलेल्या पट्टीवर गोलाचं चिन्ह असतं, ते बघून घ्या. आठ महिन्यांत या कापडाला एक गोळी धरलेली नाही. बारीक पाऊस वरच्यावर राहतो, झटकला की गेला. भिजल्यावर मेंढीचा वास येतो, तो मला आवडायला लागलाय. याच इंग्लंडमध्ये १५७१ साली एक कायदा होता: उमराव वगैरे सोडून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी देशात बनलेली लोकरीची टोपी घालायची, न घातल्यास दर दिवसाला दंड. टोपीवाल्यांचा धंदा जगवायचा होता. १५९७ला तो रद्द झाला. जिथे टोपी शिवणाऱ्यांसाठी एवढं केलं गेलं, तिथल्या टोपीत टिचबटणाच्या पाठीमागे चिंधीचा एक तुकडाही न लावण्याची काटकसर होते, याचा मला खरोखर राग आहे.

तर आता टिचबटण.

टोपीचं वरचं कापड चोचीला जिथे टेकतं तिथे हे एक बटण असतं. बंद केलं की टोपी समोरून चपटी, उघडलं की पुढचं कापड वर उठतं. पहिल्या महिन्यात माझं मत होतं की हे निरुपयोगी आहे. सरळ शिवून टाकलेली टोपी घ्यावी, उगाच एक तुटणारा भाग कशाला. नोव्हेंबरमध्ये मत बदललं. लीड्समध्ये राहणाऱ्यांना ब्रिजवॉटर प्लेसचा वारा माहीत आहे. त्या बत्तीस मजली इमारतीच्या पायथ्याशी वारा असा खाली उतरतो की तो अडवायला रस्त्यावर मोठाले पडदे उभारावे लागले. बटण उघडं असताना चोचीवर एक तोंड तयार होतं, वारा त्यात शिरतो आणि टोपी उचलतो. माझी दोनदा रस्त्यात गेली. बटण लावलं की एकदाही हलली नाही. उलट ट्रेनमध्ये, जिथे हीटर लावलेला असतो, तिथे बटण उघडलं की कपाळाला हवा लागते. म्हणजे दिवसातून चार वेळा उघडझाप. जानेवारीपर्यंत मी लोकांना सांगत होतो की टिचबटण नसलेली फ्लॅट कॅप घेऊच नका.

आणि मग १७ मार्च.

त्याच दिवशी दुपारी दुकानाला फोटोंसकट मेल केला. हे मुद्दाम सांगतो: इथल्या २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे वस्तू मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. सहा महिन्यांनंतर ओझं आपल्यावर येतं. माझे सहा महिने २८ मार्चला भरत होते. दुकानाचं उत्तर आलं १ एप्रिलला. मजकूर असा की सहा महिने उलटलेले आहेत, ही वापराने झालेली झीज आहे, पुढच्या खरेदीवर पंधरा पौंड सूट घ्या. मी मेलची तारीख दाखवली. मग म्हणाले, टोपी पाठवा, बघतो, टपाल तुमचं. त्याच कायद्यात दुरुस्तीचा आवश्यक खर्च, टपालासकट, विक्रेत्याने करायचा असं लिहिलंय. तेही कळवलं. त्यावर सूट पंधराची वीस झाली. मला सूट नकोच होती. मला दुसरी टोपी घ्यायचीच नव्हती, हीच नीट करून हवी होती. तीन आठवडे हा पत्रव्यवहार चालला आणि त्यातला प्रत्येक मेल वेगळ्या माणसाच्या नावाने आला, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

पुण्याला निघालो तेव्हा टोपी बॅगेत टाकली. बोहरी आळीतून टिचबटणांचं एक पान घेतलं, बारा जोड, साठ रुपये. सदाशिव पेठेत आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांकडे गेलो. त्यांनी टोपी उलटी केली, भोक उजेडासमोर धरलं, कडेचे दोरे नखाने उचलून बघितले. म्हणाले, "कापडाला काही झालेलं नाही हो. पाठीमागे काही लावलंच नाहीये. सगळी ओढ एकट्या कापडावर. पत्र्याच्या कडेने एकेक दोरा कापत गेलाय." त्यांनी अस्तराची शिवण दोन इंच उसवली, आतून ड्रिल या जाड सुती कापडाचा जुन्या चार आण्याएवढा गोल तुकडा ठेवला, भोक त्याच रंगाच्या लोकरीच्या दोऱ्याने रफू केलं (दोरा टोपीच्या आतल्या दुमडीतूनच काढला) आणि नवं बटण कापड आणि ड्रिल दोन्हींतून शिवलं. चाळीस मिनिटं लागली. पैसे सांगितले ऐंशी रुपये, मी शंभर ठेवले. दुकानाने देऊ केलेल्या सुटीच्या विसाव्या हिश्श्याहून कमी. परत आल्यावर शिंप्याचा आणि बटणांचा मिळून खर्च दीड पौंड दुकानाकडे मागितला. उत्तर आलेलं नाही.

पुण्याच्या एप्रिलमध्ये ही टोपी दहा मिनिटंसुद्धा घालवत नाही, हेही सांगून ठेवतो. तिकडे घालायची असेल तर सुती किंवा लिननची, अस्तर नसलेली घ्या. ट्वीड महाबळेश्वरच्या डिसेंबरपुरती.

निगा राखण्यात एक चूक केली ती टाळा. फेब्रुवारीत टोपी पूर्ण भिजली. आकार राहावा म्हणून साखरेच्या स्टीलच्या डब्यावर चढवली, त्याचा घेर बरोबर ५८ भरला होता. वाळली आणि गोल झाली. कपाळावरचा वळ पुन्हा सुरू, पुन्हा चार दिवस वागवावी लागली. आता आत जुना टॉवेल लांबट कोंबून, रेडिएटरपासून लांब सुकवतो. मशीनमध्ये कधीही टाकू नका, लोकर आटते आणि घट्ट होते. घामपट्टी तेवढी शाम्पूच्या थेंबाने ओल्या फडक्याने पुसायची. चष्मेवाल्यांनी टोपी बघायला चष्मा लावूनच जावं, काड्या घामपट्टीखाली दबल्या तर तासाभरात कान दुखतात.

मग घ्यावी का? घ्यावी. पण दुकानात पहिल्यांदा चोच खाली ओढून टिचबटण उघडा आणि वरच्या अर्ध्याभोवती बोटाने चाचपा. आत जाडसर थर लागला तर आरशासमोर जा. नुसतं कापड आणि अस्तर लागलं तर दुकानदाराला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर टोपी ठेवून द्या, कितीही शोभत असली तरी.

ब्रॅडफर्डच्या एका मित्राने डिसेंबरमध्ये माझ्याच सांगण्यावरून याच दुकानाची टोपी घेतली होती. त्याचा चेहरा गोल, म्हणून त्याला निमुळती घ्यायला लावली, आणि ती त्याला माझ्यापेक्षा जास्त शोभते. गेल्या रविवारी तो घरी आला तेव्हा मी आधी त्याचं बटण बघितलं. दोरे सुटायला लागले होते, भोक अजून नव्हतं. जुन्या जीन्सच्या खिशाचा तुकडा कापला, अस्तर उसवलं, आणि शिंपीकाकांनी केलं तसंच आतून शिवून दिलं. पानावर अजून दहा जोड शिल्लक आहेत. लीड्स-ब्रॅडफर्डमध्ये कोणाला लागलं तर कळवा.