नुसता बेल्ट घ्यावा की टेन्शनरसकट किट?

अल्टरनेटर, एसी आणि वॉटर पंप फिरवणारा लांबलचक बेल्ट घरीच बदलायचा, इथवर बहुतेकांचे ठरलेले असते. (दुकानात त्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात, पंखा कधीच विजेवर गेला.) अडते ते काउंटरवर. जुन्या बेल्टवरचा नंबर, समजा ६पीके१७५० (सहा खाचा, लांबी १७५० मिमी), वाचून दाखवला की विचारणा होते: नुसता बेल्ट देऊ की किट? किटमध्ये बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा दांडा आणि त्यावरची पुली) आणि बेल्टला नुसती वाट दाखवणारी आयडलर पुली येते, आणि पैसे साधारण तिप्पट-चौपट होतात. अल्टरनेटर सरकवून ताण देतात त्या गाड्यांना आणि टेन्शनरच नसलेल्या, स्वतःच्या लवचिकतेने ताणून बसणाऱ्या स्ट्रेच बेल्टला हा प्रश्न लागू नाही.

नुसत्या बेल्टची बाजू लंगडी मुळीच नाही. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, बेल्ट कुठून कुठे जातो त्याचा फोटो काढलेला. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर ओढून धरायचा, भोक दिले असेल तर त्यात बसेल त्या मापाची एलन की अडकवायची, की बेल्ट हातात येतो. नवीन चढवताना खाचा नसलेली गुळगुळीत पुली शेवटी ठेवावी, कारण तिथून कड सरकवणे सोपे जाते. घात होतो तो खाचांत. सहापैकी एक खाच पुलीबाहेर राहते, वरून काहीच दिसत नाही, आणि थोड्याच अंतरात कडेचे दोरे सुटतात. प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडा बोटाने चाचपा. खालच्या क्रँक पुलीपाशी बोट पोचत नाही, तिथे लहान आरसा धरा.

बेल्ट निघालेला असतानाच जुन्या टेन्शनरची परीक्षा घेता येते. दांडा स्प्रिंगविरुद्ध ओढून हळूहळू सोडा. मध्ये कुठे अडखळला किंवा झटक्याने परतला तर तो संपला. पुली हाताने फिरवा. खरखरली तर बेअरिंग गेले. पण सायकलच्या चाकासारखी भिरभिरत राहिली तरी खूश होऊ नका, आतले ग्रीस सुकले की तसेच होते. शेवटी पुलीवरचा घासल्याचा चकचकीत पट्टा पाहा. तो बेल्टपेक्षा रुंद असेल तर बेल्ट डावी-उजवीकडे सरकत होता, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजून दांडा कलला आहे. यांतले काहीच सापडले नाही आणि गाडी पन्नास-साठ हजार किलोमीटरच्या आत असेल, तर नुसता बेल्ट घेणाऱ्याला नावे ठेवणार नाही.

तरी माझ्या गाडीला किटच बसले आहे. कारण एकच: पावसाळ्यातली सकाळची किंकाळी.

नवा बेल्ट मे महिन्यात जुन्या टेन्शनरवर गुपचूप चालतो. जूनमध्ये रात्रभर पाऊस पडतो, सकाळी चावी फिरवली की सगळी आळी जागी. यामागचा हिशेब साधा आहे. इंजिन सुरू करताना बॅटरीतून खेचलेला करंट अल्टरनेटरला भरून काढायचा असतो. त्याच क्षणी हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला एसी चालू होतो. म्हणजे ओढ सर्वांत जास्त असते तेव्हाच बेल्टवर पाण्याचा थर असतो आणि पकड सर्वांत कमी. स्प्रिंग मऊ पडलेली असेल तर बेल्ट घसरणारच. नव्या रबराने ताण वाढत नाही. त्यात आपल्याकडची, गोव्यातली लाल माती. डिचोली-सांग्याकडचा रस्ता असो की घरासमोरची वाट, ती चिखल होऊन चाकामागून उडते, आणि खालचे प्लास्टिकचे कव्हर कधीचे गळून पडलेले असेल तर थेट टेन्शनरच्या बुशमध्ये जाऊन बसते. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत खारी हवा अॅल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी पिन जाम करते, ते वेगळेच.

आवाज कसला आहे हे आधी ओळखावे. इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब राखून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी मारा. चिवचिव थांबून पुन्हा सुरू झाली तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी. पकड वाढवणाऱ्या बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारून आवाज गप्प करू नका. त्याला धूळ चिकटते. आणि तडे नाहीत म्हणून बेल्ट ठीक, हेही आता खरे नाही. हल्लीचे ईपीडीएम रबर तडकण्याऐवजी टायरसारखे झिजते, खाचा खोल होतात आणि बेल्ट पुलीच्या तळाला टेकतो.

मधला मार्ग म्हणजे पुलीतले बेअरिंग तेवढे बदलून घेणे. बऱ्याच पुल्यांत ६२०३ नंबरचे बसते, स्वस्तात होते, घरघर जाते. पण स्प्रिंग आणि बुश जुनेच राहतात, म्हणून किंकाळीवर हा उतारा नाही.

किटच्या वाटेवर खड्डे आहेत, ते लपवत नाही. बोल्ट अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये रुतलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, हिसका देऊन ओढू नका. आटे गेले की स्वस्त काम महागात पडते. काही टेन्शनरच्या पुलीचा मधला बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. नवा टेन्शनर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या लॉक पिनसकट येतो. तो बसवून, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून, बेल्ट सगळ्या पुल्यांवर चढल्यावरच पिन काढावी. टेन्शनरच्या मागच्या बाजूची छोटी खुंटी तिच्या भोकात गेली नाही तर टेन्शनर तिरका बसतो आणि नव्या बेल्टची कड कुरतडू लागतो. डिझेल गाडी असेल तर अल्टरनेटरची फ्रीव्हील पुलीही (एकाच दिशेने ओढणारी, उलट दिशेने मोकळी फिरणारी) तपासा. ती जाम झाली असेल तर किट बसवूनही बेल्ट फडफडतच राहील.

चोर्ला घाटात फोनला रेंज नसताना बॅटरीचा लाल दिवा लागणे आणि मागोमाग इंजिन तापणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी जादा पैशांचा विचार त्या हिशेबाने करावा. फक्त म्हापसा-पणजी एवढीच धाव असेल तर नुसता बेल्टही चालून जाईल, कदाचित.

काहीही बसवा, पण पहिल्या मोठ्या पावसात गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा. सकाळी सुरू करताच हेडलाइट, वायपर, एसी आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम लावा आणि बॉनेटपाशी उभे राहून ऐका.