ट्रेलरचा हब तापला आणि मला २३,८०० चा चुना लागला

हसायचं तर हसा, पण होडीचा ट्रेलर ओढणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहितोय. डावा हब (चाकाचा मधला गाभा, ज्यात बेअरिंग बसतं) इतका तापलेला की हात टेकवत नव्हता, उजवा नुसता कोमट. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि म्हणाला, "साहेब, बेअरिंग गेलं, पाणी शिरलंय आत. असंच न्याल तर चाक निघून तुमच्या पुढे पळेल."

आणि यातलं खोटं काहीच नाही हो, तिथेच तर मेख आहे! होडी उतरवताना गरम हब गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते, मागचं सील (पाणी अडवणारं रबरी कडं) थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंगला गंज धरतो. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर फसलो. काही माहीत नसतं तर चार प्रश्न तरी विचारले असते.

मग त्याने चाक काढलं, जरा वेळ आड झाला आणि पांढरट ग्रीस माखलेलं, गंजाने खड्डे पडलेलं बेअरिंग माझ्या हातात ठेवलं. "हे तुमचं आतल्या बाजूचं." मी त्याचा फोटोसुद्धा काढला! वर एक्सल वाकलाय म्हणाला. दोन्ही बाजूंची बेअरिंग ९,६००, सील आणि ग्रीस २,२००, एक्सल सरळ करणं ८,५००, मजुरी ३,५००. अंधार पडत आलेला, मागे होडी, गाडीत घरची मंडळी कंटाळलेली. तुम्ही काय केलं असतं सांगा. दिले.

थोडं अंतर गेलो, परत तोच डावा हब, तसाच चटका.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं भणभणतं. जॅकवर उचलल्यावर त्या गॅरेजवाल्याने चाक फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं. "बघा, जाम!" पण नंतर त्यानेच चाक वर-खाली धरून हलवलं तेव्हा तसूभर खेळ नव्हता, फिरताना खरखर नव्हती. पाण्याने खाल्लेलं बेअरिंग घरघरतं, चाक डुगडुगतं. हे गप्प होतं, नुसतं अडत होतं. आणि चटका बसत होता तो ब्रेकच्या ड्रमच्या कडेला, मधली ग्रीसची टोपी त्या मानाने सोसवत होती. म्हणजे ब्रेक धरून बसलाय!! माझं बोट दोन्हीकडे लागलेलं, तरी डोक्यात फक्त पाणी, पाणी, पाणी. आणि तो फोटो घरी मोठा करून बघितला तर बेअरिंगवर नंबर एल ४४६४९. माझ्या एक्सलला ते बाहेरच्या बाजूला लागतं, आतलं एल ६८१४९ आहे, अंगाने मोठं. कुणाचं तरी जुनं बेअरिंग त्याने डब्यात जपून ठेवलेलं असणार, माझ्यासारख्यांना दाखवायला. तर निघालेल्या बेअरिंगचा नंबर वाचा, तिथल्या तिथे, पैसे द्यायच्या आधी.

दुसऱ्या मेकॅनिकने ब्लीडर (ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) जरासा सैल केला, तेल चिळकन उडालं आणि चाक मोकळं फिरायला लागलं. डाव्या चाकाचा ब्रेक होज (तेलाची रबरी नळी) आतून फुगलेला, तेल दाबाने जायचं पण परत यायचं नाही. एक्सल सरळच होता, आधीपासून. बेअरिंग जुनीच, कपही (बेअरिंग ज्यात फिरतं ती बाहेरची कडी) जुनेच. (नवं बेअरिंग जुन्या कपात बसवतो म्हणणाऱ्यालाही हाकला, जोडी एकत्रच बदलतात.) त्या महाभागाने फक्त टोपीच्या निप्पलमधून गनने ग्रीस कोंबलं होतं, तेही इतकं की मागचं सील उचकटून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर) गेलं.

चौकीत गेलो. "पैसे देताना जबरदस्ती केली का?" नाही. "मग हा दिवाणी मामला." अहो, दुसऱ्याचं बेअरिंग माझं म्हणून दाखवलं, ही फसवणूक नाही? "तज्ज्ञाचा दाखला आणा." दुसऱ्या मेकॅनिकचं लिहून आणलं तर म्हणे हा तर त्याचा धंद्यातला स्पर्धक, याचं कसं धरणार! पैसे ऑनलाइन दिलेले म्हणून बँकेला फोन केला, तिथली बाई गोड आवाजात म्हणाली की व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय सर. ग्राहक तक्रारीला बिल हवं, आणि बिलावर काय, "साहित्य व मजुरी" एवढंच, वर सही पण नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस मलाच विचारतो की तेव्हाच का नाही बोललात. त्याला कुणी विचारलं का एका शब्दाने? गॅरेज उघडं आहे, मस्त चालू आहे.

तर बिलावर भागाचा नंबर लिहून घ्या, जुने भाग पिशवीत घालून घरी आणा, आणि काम चालू असताना चहाला जाऊ नका, तिथेच उभे राहा. प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबना हात लावून बघायची सवय ठेवा, एकच तापला तर आधी ड्रमची कड आणि टोपी वेगवेगळी तपासा.

होज बदलायला १,९०० लागले. ग्रीस प्यायलेले लायनर आणि सील बदलायला वर ४,१०० गेले, आणि ते तक्रारीत धरता येत नाहीत, कारण म्हणे अर्ज एकदा दाखल झाला की रक्कम वाढवायला नवा अर्ज करावा लागतो.