वॉट की डोनल्ड? बचाव समजून घ्यायचा तर आधी कुणाचे सामने बघावेत

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्याची नजर चेंडूमागेच पळत असते. त्यामुळे बचावातला खेळाडू त्याला दिसतो तो थेट क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) आडवा झाल्यावर, तोवर तो कुठे होता आणि काय करत होता याचा पत्ताच नसतो. ही सवय मोडायला माझ्या मते एकच चांगला मार्ग आहे. एक बचावपटू निवडायचा आणि त्याची अख्खी कारकीर्द जुन्या सामन्यांतून बघायची.

गेल्या पंधरा वर्षांतली दोन नावं यासाठी सगळ्यात आधी सुचतात: जे. जे. वॉट आणि एरन डोनल्ड. दोघांच्याही पाठीवर ९९ नंबर. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, किताब दोघांनीही तीन-तीनदा मिळवला. आजवर तीनदा जिंकण्याचा मान आणखी फक्त लॉरेन्स टेलर या बचावपटूला मिळाला आहे. सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला पाडणं, यात दोघांचाही एका हंगामातला उच्चांक २०.५ आहे (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकी अर्धा धरतात). कारकिर्दीची बेरीज वॉटची ११४.५, तर डोनल्डची १११. आकडे समोर मांडून निवड करू म्हटलं तर तिथल्या तिथेच घोटाळत राहाल.

माझं मत स्पष्ट आहे. खेळ अगदीच नवा असेल तर वॉटपासून सुरुवात करा. नियम अंगवळणी पडले असतील तर सरळ डोनल्ड लावा.

वॉट आधी का, तर तो दिसतो. ६ फूट ५ इंचांचा हा गडी ह्यूस्टन टेक्सन्सकडून बरेचदा समोरासमोर भिडणाऱ्या बचावपटूंच्या रांगेच्या कडेने, मोकळ्या बाजूने आत घुसायचा. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता आलं नाही तरी हार मानायचा नाही, जागेवरच हात उंचावून पास खाली पाडायचा. २०१२च्या हंगामात त्याने असे १६ पास अडवले. रांगेत खेळणाऱ्या भल्या थोरल्या माणसाने एवढे पास अडवणं दुर्मीळच. लोकांनी त्याचं नाव 'जे. जे. स्वॅट' (स्वॅट म्हणजे फटकारून पाडणं) पाडलं ते यावरूनच.

त्याच्या आधीच्या, म्हणजे वॉटच्या पहिल्याच हंगामातला एक क्षण जरूर बघा. जानेवारी २०१२, टेक्सन्सचा इतिहासातला पहिला प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) सामना, समोर सिनसिनाटी बेंगल्स. धावफलक १०-१० आणि मध्यंतर जवळ आलेलं. अँडी डाल्टनने पास फेकला आणि जेमतेम काही फुटांवर उभ्या असलेल्या वॉटने उडी मारून तो चक्क दोन्ही हातांनी झेलला, मग २९ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. संथ गतीने बघितलं तर चेंडू हातात बसल्यावर तो क्षणभरही अडखळत नाही हे लक्षात येतं. हे हात फुकटचे नव्हते. कॉलेजात सुरुवातीला तो सेंट्रल मिशिगनकडून टाइट एंड, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू होता. पुढे शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला गेला. मधल्या काळात त्याने घरोघरी पिझ्झे पोहोचवले. २०१४ मध्ये तर त्याने एकूण पाच टचडाउन केले, त्यातले तीन आक्रमणात उतरून पास झेलून!

आता दुसरी बाजू. २०१२ ते २०१५ या चार हंगामांत त्याचे ६९ सॅक झाले, म्हणजे एकूण कमाईतले साठ टक्के. मग पाठीची शस्त्रक्रिया, २०१७ मध्ये मोडलेला पाय, २०१९ मध्ये फाटलेला छातीचा स्नायू. मध्ये २०१८ मध्ये १६ सॅक घेऊन तो पुन्हा उभा राहिला, तो हंगाम बघताना मला अजूनही भरून येतं. पाय मोडला त्याच वर्षी हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं होतं. दोन लाख डॉलर जमवू म्हणून त्याने मदत मागितली आणि ३७ दशलक्षांहून जास्त रक्कम उभी राहिली. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, मात्र त्याच्या नशिबी आला नाही.

डोनल्ड वेगळ्याच जागी खेळायचा. तो डिफेन्सिव्ह टॅकल, रांगेच्या ऐन मध्यात. तिथे समोर गार्ड आणि सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारे आक्रमणाच्या रांगेतले गडी, दोघेही त्याच्याहून वजनदार, आणि बरेचदा दोघे मिळून त्याच्या एकट्यावर तुटून पडायचे. उंची ६ फूट १ इंच, या जागेसाठी कमीच. म्हणून कॉलेजचे मोठमोठे पुरस्कार खिशात असूनही २०१४च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) तो तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पण ४० यार्ड त्याने ४.६८ सेकंदांत पार केले होते. पिट्सबर्गच्या घरातल्या तळघरात वडिलांनी व्यायामशाळा केली होती आणि शाळकरी वयापासून तो पहाटे त्यांच्याबरोबर तिथे घाम गाळायचा.

त्याच्या जागेवरून २०.५ सॅक घेणं किती अवघड आहे हे कळायला थोडा सराव लागतो. त्याच्याकडे बघू नका, समोरच्या गार्डच्या हातांकडे बघा. गार्डचे हात छातीवर टेकायच्या आत डोनल्डने ते झटकलेले असतात आणि खांदा खाली घालून तो फटीतून निघून गेलेला असतो. कित्येकदा सॅक दुसऱ्याच्या नावावर लागतो, कारण दोन माणसं याच्यात अडकलेली असतात. आकड्यांच्या तक्त्यात ते काम कुठेच दिसत नाही. शिवाय सातत्य बघा: दहा हंगाम, दहाही वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी निवड, आणि मोठी म्हणावी अशी दुखापत थेट २०२२ मध्ये घोट्याची.

तुमचा मुलगा अमेरिकेत शाळेच्या संघात रांगेत खेळत असेल आणि उंचीवरून खट्टू होत असेल, तर त्याच्यासोबत डोनल्डच बघा.

दोघांना जोडणारा एक दुवाही आहे, बचावाचे प्रशिक्षक वेड फिलिप्स. वॉटच्या २०१२च्या किताबाच्या वेळी ह्यूस्टनचा बचाव त्यांच्या हाती होता आणि डोनल्डच्या २०१७ व २०१८च्या किताबांच्या वेळी रॅम्स या त्याच्या संघाचा. समोरच्याला थोपवून वाट बघत बसू नका, आपापली फट धरून सरळ आत घुसा, अशी त्यांची पद्धत. २०१२चा वॉट आणि २०१८चा डोनल्ड पाठोपाठ बघितले तर एकाच शिकवणीतून दोन शरीरांनी काय काय घडवलं ते दिसतं.

डोनल्डचा एकच सामना निवडायचा असेल तर १३ फेब्रुवारी २०२२चा सुपर बोल. रॅम्स २३, बेंगल्स २०, शेवटचं मिनिटही उरलेलं नाही आणि बेंगल्सना चेंडू हाती राखायला हवा आहे फक्त एक यार्ड. थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, बेंगल्सचा समाजे पेराइन चेंडू घेऊन पळतो आणि डोनल्ड त्याला जागीच धरतो. फोर्थ डाउनला, शेवटच्या प्रयत्नात, तो गार्डला चुकवून क्वार्टरबॅक जो बरोला मागून कवटाळतो, बरो गरकन फिरतो, चेंडू कसाबसा सुटतो आणि जमिनीवर पडतो. डोनल्ड हेल्मेट काढून बोटाकडे खूण करतो, विजेत्याची अंगठी जिथे येणार त्या बोटाकडे. तिथे थांबू नका. व्हिडिओ मागे घ्या, आधीचा थर्ड डाउन पुन्हा लावा आणि या वेळी फक्त ९९ नंबर बघा.