जॉर्जिया टेकचे पहिल्या वर्षाचे इंग्रजी : प्राध्यापक निवडण्याचा आमचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील जॉर्जिया टेक या विद्यापीठात माझ्या लेकीच्या पहिल्या सत्राची नोंदणी आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून केली. अटलांटाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे तिथे सकाळी सुरू झालेले काम आपल्याकडे रात्री उशिरापर्यंत चालले. गणित, रसायनशास्त्र आणि संगणकाचे वर्ग तासाभरात ठरले; अडलो ते इंग्रजीपाशी. ‘इंग्रजी ११०१’ या एकाच नावाखाली कितीतरी सेक्शन, म्हणजे वेगवेगळे वर्ग होते, प्रत्येकाचा प्राध्यापक निराळा आणि प्रत्येकाने घेतलेला विषयही निराळा. आता दोन्ही सत्रे पूर्ण झाली आहेत, लेक सुटीसाठी घरी आली आहे, आणि बडोद्यातून तिकडे जाणाऱ्या मुलांच्या घरी हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीला पुन्हा इंग्रजी कशाला, असे आमच्याकडे अनेकांनी विचारले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या तांत्रिक विद्यापीठात ११०१ आणि ११०२ हे प्रत्येकी तीन क्रेडिटचे दोन अभ्यासक्रम सर्वांना आवश्यक आहेत आणि दोन्हींत किमान ‘सी’ ग्रेड मिळवावी लागते. एपी या, अमेरिकेत शाळेतच दिल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत इंग्रजीला ५ पैकी ४ किंवा ५ गुण असले, तर ११०१ चे क्रेडिट आधीच मिळते. परंतु आपल्या बोर्डांतून जाणारी बहुतेक मुले ती परीक्षा देत नाहीत, त्यामुळे त्यांना दोन्ही अभ्यासक्रम करावे लागतात. ज्या शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा सुरू झाली आणि तंत्रशिक्षण लोकांना समजेल अशा भाषेत देण्याचा आग्रह धरला गेला, त्या शहरातल्या माणसाला तंत्र आणि भाषा यांचे नाते नव्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये, असे मला वाटते.

हा अभ्यासक्रम आपल्या ओळखीचा नाही. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीत १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे असतात, आणि ती परीक्षा कशी लिहायची हे मुलांना पाठ असते. जॉर्जिया टेकमध्ये लिखित, मौखिक, दृश्य, इलेक्ट्रॉनिक आणि अशाब्दिक अशा पाच प्रकारच्या संवादाला धरून शिकवतात. त्या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून याला तिथे ‘वोव्हन’ म्हणतात. निबंधाबरोबर पोस्टर, भाषण, ध्वनिफीत किंवा लहान चित्रफीतही करावी लागते. सत्राच्या शेवटी तीन तासांचा पेपर नसतो. त्याऐवजी सत्रभर आपण केलेल्या कामातून निवड करून पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, सादर करायचा असतो आणि ते काम कसे बदलत गेले, यावर स्वतः लिहायचे असते.

शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण मॅरियन एल. ब्रिटेन फेलो असतात. ही नुकतीच पीएच.डी. झालेली तरुण मंडळी ठरावीक मुदतीसाठी नेमलेली असतात आणि आपल्या संशोधनाला जवळचा विषय वर्गात घेतात. या व्यवस्थेचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण ज्या विषयात शिक्षक स्वतः बुडालेला आहे तोच तो वर्गात आणतो. मात्र मुदत संपली की माणसे बदलतात, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी शिकलेल्या मुलांनी सुचवलेली नावे यादीत सापडतीलच असे नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दिलेल्या तीन नावांपैकी एकही आम्हाला सापडले नाही.

अशा वेळी बहुतेक मुले प्राध्यापकांच्या मागील वर्गांची सरासरी ग्रेड पाहतात. आम्हीही तेच केले, आणि ती आमची चूक होती. सर्वांत वरची सरासरी आणि सोयीची दुपारची वेळ पाहून आम्ही सेक्शन घेतला. विषयाचे वर्णन वरवर वाचले. शिक्षिका उत्तम होत्या, परंतु वर्गाचा विषय होता भयकथांचा, ज्यात माझ्या लेकीला पूर्वीही रस नव्हता आणि नंतरही आला नाही. तिला ‘ए’ मिळाला, मात्र लिहिताना तिच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे काही नव्हते, हे तिच्या फोनवरच्या बोलण्यातून मला कळत असे. वरच्या सरासरीचा अर्थ वर्ग सोपा आहे असाही होऊ शकतो, मुलांनी मसुदे पुन्हा पुन्हा सुधारले असाही होऊ शकतो. आकड्यावरून यांतले काय घडले ते कळत नाही.

११०२ साठी आम्ही आकडे बाजूला ठेवून मिळतील तेवढे सिलॅबस वाचले. शहरे आणि पाणी या विषयाचा एक सेक्शन होता. वेळ सकाळी आठची, सरासरी मधली. त्या सिलॅबसमध्ये प्रत्येक मोठ्या कामाचे दोन मसुदे, त्यांवर शिक्षकांचे लेखी शेरे आणि एक प्रत्यक्ष भेट असे स्पष्ट लिहिले होते. लेकीने विश्वामित्री नदी आणि तिच्यातल्या मगरी हा विषय घेतला. पहिल्या मसुद्याच्या पहिल्याच वाक्याशी शिक्षकांनी लिहिले होते की, ही नदी भरवस्तीतून वाहते हे वाचकाला अजून माहीत नाही, त्यामुळे मगरींबद्दल तुला वाटणारी काळजी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बडोद्यात वाढलेल्या मुलीला ही गोष्ट सांगावी लागते असे कधी वाटलेच नव्हते. तिने नकाशा काढला, पुलांची नावे घातली, पावसाळ्यात मगरी सोसायट्यांच्या आवारात कशा येतात ते सांगितले, आणि अजव्याच्या तलावाचा परिच्छेद आवडता असूनही काढून टाकला. मी शाळेत तेवीस वर्षे मराठी शिकवले आहे. वाचक कोण आहे हे मुलाला एका शेऱ्यात दाखवून देणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे. या सेक्शनमध्ये तिला ‘बी’ मिळाला आणि तो मला पहिल्या सत्रातल्या ‘ए’पेक्षा मोलाचा वाटतो.

विद्यापीठाचे संवाद केंद्रही वापरावे. तिथे लेखन किंवा भाषणाची तयारी घेऊन गेल्यास समोरासमोर बसून मार्गदर्शन मिळते, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. लेक भाषणाच्या आधी दोनदा गेली. उच्चाराबद्दल मनात असलेला संकोच तिथेच कमी झाला, असे ती सांगते.

वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सेक्शन बदलता येतो, त्यामुळे पहिल्या तासाला सिलॅबस हातात आल्यावर लगेच वाचावा. मसुदा किती वेळा परत मिळतो, शेरे लेखी आहेत का, आणि विषयावर आपल्याजवळ निदान एक गोष्ट सांगण्यासारखी आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा या ऑगस्टमध्ये अटलांटाला जात आहे. काल संध्याकाळी लेकीने त्याच्याबरोबर बसून दोन सेक्शन बाजूला काढले : एक क्रिकेटशी जोडता येईल अशा खेळ आणि समाज या विषयाचा, दुसरा यंत्रांच्या इतिहासाचा. यांतला दुसरा सकाळी आठचा आहे, तरीही त्याने तोच पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे.